उद्योगपती आणि पुढारी यांचं साटंलोटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्योगपती पुढाऱ्यांना चालवतात की पुढारी उद्योगपतींना?

दोन्ही बाजूंची उदाहरणं देता येतात. माझं मत विचाराल तर भारतात शेवटचा शब्द बहुतेक वेळा पुढाऱ्याचा असतो, कारण सही त्याच्या हातात असते. जमीन, खाण, पाणी, पर्यावरण मंजुरी, सरकारी बँकेचं कर्ज, आयातशुल्क, सरकारी कंत्राट यांपैकी कशाला तरी मोठा धंदा अडतोच. पुढाऱ्यालाही निवडणूक लढवायला पैसा लागतो आणि तो एवढा मोठा असतो की कार्यकर्त्यांच्या वर्गणीतून उभा राहत नाही. म्हणून दोघं एकमेकांना धरून असतात. या व्यवहाराचे परिणाम मात्र मतदार, करदाता आणि कंपनीचा छोटा भागधारक भोगतात, आणि नेमकं त्यांनाच काही कळू दिलं जात नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे. पैसा राजकारणात येणारच. तो कोणाकडून आला आणि त्याच्या बदल्यात काय गेलं, हे उघड असलं पाहिजे.

हे संबंध आजचे की पूर्वीपासूनचे?

स्वातंत्र्यलढ्यामागेही उद्योगपतींचा पैसा होता. वर्ध्याचे जमनालाल बजाज अनेक वर्षं काँग्रेसचे खजिनदार होते, गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. घनश्यामदास बिर्लांनी गांधीजींच्या कामांना वर्षानुवर्षं पैसा पुरवला. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, कस्तुरभाई लालभाई वगैरे मंडळींनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. स्वतंत्र भारतात सरकारने अर्थव्यवस्थेत मोठी भूमिका घ्यावी, असं या बड्या उद्योजकांनीच त्यात म्हटलं होतं.

त्या पैशाकडे आणि आजच्या पैशाकडे मी एकाच नजरेने बघत नाही. जमनालालजी कोणाच्या बाजूने आहेत हे ब्रिटिश सरकारसकट सगळ्यांना ठाऊक होतं. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. देणाऱ्याने नाव लपवलं नाही आणि त्याची किंमतही मोजली.

कंपन्यांनी पक्षांना देणग्या द्याव्यात का, हा प्रश्न पहिल्यांदा कधी गांभीर्याने तपासला गेला?

१९५७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि एका भागधारकाने त्याला विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी बदलाला परवानगी दिली, कारण तेव्हाच्या कायद्यात मनाई नव्हती. पण परवानगी देतानाच त्यांनी इशारा दिला, की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो, तेव्हा संसदेने याचा विचार करावा.

काही महिन्यांतच त्याच छागलांसमोर वेगळं प्रकरण आलं. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत हा विषय काढला, छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि १९५८ च्या सुरुवातीला मुंबईत उघड सुनावणी झाली. साक्षी ऐकायला लोकांची झुंबड उडाली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारीत राजीनामा द्यावा लागला. आयोग नेमल्यापासून मंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंतचं सगळं दोन महिन्यांच्या आत उरकलं, तेही पंतप्रधानांच्या जावयाने सासऱ्याच्याच सरकारविरुद्ध उभं राहून. आजच्या चौकशांचा वेग बघता हे वाचायला आवर्जून वेळ काढावा.

मग कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आलीच नाही का?

आली, १९६९ मध्ये. त्याआधी १९६७ च्या निवडणुकीत उद्योगपतींचा पाठिंबा असलेल्या स्वतंत्र पक्षाने ४४ जागा जिंकल्या होत्या. म्हणून इंदिरा गांधींच्या सरकारने आणलेली ही बंदी लोकशाही वाचवण्यासाठी होती की विरोधकांची रसद तोडण्यासाठी, यावर आजही वाद होतो. परिणाम मात्र सगळ्यांना दिसला. चेकने जाणारा पैसा रोखीने जाऊ लागला. ते लायसन्स राजचे दिवस होते. कारखान्याने किती माल काढायचा हेसुद्धा दिल्लीत ठरायचं, त्यामुळे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

१९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता प्रकरणात सांगितलं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. सरकारने कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. १९८५ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना पुन्हा परवानगी मिळाली, नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के केली.

महाराष्ट्रातलं सर्वांत बोलकं उदाहरण कोणतं?

एन्रॉन. या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर परिसरातला दाभोळ वीज प्रकल्प. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला नाव आठवतं, करारात काय होतं ते मात्र फार थोड्यांना.

जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि राज्य वीज मंडळात प्राथमिक करार झाला. जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून कर्ज नाकारलं. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. त्यातली ग्यानबाची मेख अशी, की वीज घ्या किंवा न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेपोटीचा मोठा स्थिर आकार वीज मंडळाने भरायचाच. रुपया घसरला किंवा इंधन महागलं तरी त्याचा भारही मंडळावरच. वर राज्य सरकारची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर ते केंद्राने भरायचे. म्हणजे कंपनीची जवळपास सगळी जोखीम महाराष्ट्राच्या तिजोरीवर टाकलेली. आणि हा करार गोपनीय ठेवलेला. पुण्याच्या 'प्रयास' गटासारख्या अभ्यासकांनी आकडेमोड करून तो कसा महागात पडेल हे दाखवून दिलं.

१९९५ ची विधानसभा निवडणूक शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा देत लढवली आणि जिंकली. ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला त्याच सरकारने प्रकल्पाला मंजुरी दिली. तीही आधीपेक्षा मोठ्या, दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉटच्या प्रकल्पाला. त्याच वर्षी मे महिन्यात वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. कोकणात विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना या काळात पोलिसांच्या लाठ्या आणि अटका सोसाव्या लागल्या.

१९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढच्याच वर्षी काही महिने मंडळाला युनिटमागे सात रुपयांच्या वर दर पडला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. माधव गोडबोले समितीने आपल्या अहवालात राज्यात आणि केंद्रात वेगवेगळ्या वेळी सत्तेवर असलेल्या सगळ्याच सरकारांच्या कारभारावर ठपका ठेवला. माझ्या दृष्टीने एन्रॉनचा खरा धडा इथे आहे. मतदारांनी सरकार बदललं, पण करारामागची ताकद बदलली नाही.

साखर कारखाने या विषयात कसे बसतात? ते तर सहकारी असतात.

इथे उद्योगपती आणि पुढारी अशी दोन माणसंच नसतात. चेअरमन, आमदार आणि मंत्री बऱ्याचदा एकच असतो.

सुरुवात फार चांगली होती हे विसरू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला तो सावकार आणि खासगी कारखानदारांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. पण कारखान्याला भागभांडवल सरकारचं, कर्जाला थकहमी सरकारची, कर्ज देणाऱ्या शिखर बँकेवर, म्हणजे राज्य सहकारी बँकेवर, संचालक तीच मंडळी, आणि शेजारी नवा कारखाना काढायचा तर २५ किलोमीटर हवाई अंतराची अट. ही अट उसाच्या पळवापळवीला आळा घालते, तशीच ती आधीच्या चेअरमनचं राज्यही सुरक्षित ठेवते.

शेतकऱ्याच्या जागेवरून बघा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळाली पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पैसे थकले तर पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली करायचा आदेश, आणि तो अंमलात आणायचा जिल्हाधिकाऱ्यांनी. आता ज्या कारखान्याकडून वसुली करायची त्याचा चेअरमन त्याच जिल्ह्याचा पालकमंत्री असेल तर? ऊसतोडीचा नंबर, मुलाचा त्याच संस्थेतला प्रवेश, सोसायटीचं पीककर्ज, सगळं एकाच घराकडे असल्यावर शेतकरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झालं. पुढे कर्जात बुडालेले सहकारी कारखाने खासगी मालकांकडे जाण्याचा ओघ वाढला, आणि त्यांपैकी काही घेणारे त्याच राजकीय वर्तुळातले होते. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली मालमत्ता अशी हातची गेली याचा हिशोब अजूनही नीट झालेला नाही.

आणि गोवा?

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. लोक त्यांची आठवण आजही प्रेमाने काढतात, ती गरिबांसाठी आणि शाळांसाठी केलेल्या कामामुळे. पण खाण आणि सरकार यांचं नातं पुढे वेगळ्या वळणाला गेलं. शहा आयोगाने बेकायदा खाणकामावर ठपका ठेवला, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुने खाणपट्टे २००७ मध्येच संपल्याचं सांगितलं. त्यानंतर लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी निघेपर्यंत राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण त्याच जुन्या मालकांना करून दिलं, त्यातले बरेचसे अगदी शेवटच्या दिवसांत. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ते सगळे रद्द केले. डिचोली, सांगे, केपे भागातल्या ट्रकमालकांचे आणि कामगारांचे संसार त्यात अडकले. नूतनीकरण घाईने उरकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरची चूल विझली नाही.

निवडणूक रोखे म्हणजे नेमकं काय होतं?

२०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी योजना जाहीर केली, जानेवारी २०१८ मध्ये ती अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यायचे, हव्या त्या पात्र पक्षाला द्यायचे आणि पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही. सरकारची बाजू अशी होती की पैसा बँकेतून जाईल म्हणजे काळा पैसा थांबेल, आणि नाव गुप्त राहिलं तर दुसऱ्या पक्षाच्या सुडाची भीती राहणार नाही. ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय उलटा पडला.

सोबत आणखी तीन बदल झाले आणि माझ्या मते खरा घाव त्यांनी घातला. साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, त्यामुळे तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकली. कोणत्या पक्षाला दिली हे ताळेबंदात दाखवण्याची सक्ती काढली, त्यामुळे भागधारकही अंधारात राहिला. परदेशी निधीच्या कायद्याची व्याख्या सैल केली. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने लेखी हरकती घेतल्या होत्या. त्या बाजूला सारल्या गेल्या.

गुप्तताही एकतर्फीच होती. रोखा विकणारी बँक सरकारी, खरेदीदाराचं केवायसी तिच्याकडे. २०१८ मध्येच एका पत्रकार महिलेने रोखा प्रयोगशाळेत तपासून घेतला, तेव्हा अतिनील प्रकाशात एक छुपा क्रमांक दिसला. मतदाराला न दिसणारी गोष्ट सत्तेच्या जवळच्यांना दिसू शकत होती.

न्यायालयाने काय केलं?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतं हे जाणणं मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं, आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणं समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं पीठाने म्हटलं. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी माहिती द्यायला लावली.

त्या यादीत काय सापडलं?

१४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन वेगळ्या याद्या संकेतस्थळावर टाकल्या. एकीत तारीख, खरेदीदार, रक्कम. दुसरीत तारीख, पक्ष, रक्कम. दोन्ही शेजारी ठेवल्या तरी कोणी कोणाला दिलं हे जुळत नव्हतं. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला प्रत्येक रोख्याच्या क्रमांकासह याद्या आल्या. एक कोटीच्या रोख्याच्या क्रमांकाआधी 'ओसी', दहा लाखांच्या आधी 'टीएल', एक लाखाच्या आधी 'ओएल'. हा क्रमांक एका यादीत शोधायचा, मग दुसरीत शोधायचा, आणि दोन नावं समोरासमोर येतात. ती यादी चाळताना पानंच्या पानं 'ओसी, ओसी, ओसी' दिसत राहतं. रकमेच्या हिशोबाने ९० टक्क्यांहून जास्त पैसा एक कोटीच्या रोख्यांतून आला होता. एक हजाराचा रोखा घेणारा सामान्य समर्थक या योजनेत जवळपास नव्हताच.

संपूर्ण काळात सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. उघड झालेली माहिती १२ एप्रिल २०१९ पासूनची आहे. सर्वांत मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरी कंपनी, १,३६८ कोटी. तिच्या पैशाचा मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रमुककडे गेला. दुसरी मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. तिचा सर्वांत मोठा वाटा भाजपकडे. एप्रिल २०२३ मध्ये मेघाने १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्या महिन्यात ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याच्या कामासाठी हीच कंपनी पुढे आली. दिल्ली मद्यधोरण प्रकरणात अरबिंदो फार्माच्या एका संचालकाला १० नोव्हेंबर २०२२ रोजी अटक झाली, १५ नोव्हेंबरला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले आणि ते भाजपने वटवले. पुढे तो संचालक माफीचा साक्षीदार झाला. याच कंपनीने इतर पक्षांनाही रोखे दिले होते.

म्हणजे लाच सिद्ध झाली?

नाही. तारखा जवळ असणं म्हणजे पुरावा नव्हे. त्या तारखांमागे काय घडलं याची विशेष पथकाकडून चौकशी व्हावी अशी मागणी २ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सामान्य कायद्यातले मार्ग मोकळे आहेत, असं न्यायालयाचं म्हणणं. मला तो निर्णय पटला नाही. ज्या यंत्रणांच्या कारवाईबद्दल शंका आहे, त्यांनीच आपल्या कारवाईचा तपास करायचा असं त्यातून होतं.

फक्त भाजपलाच पैसा मिळाला का?

सर्वांत जास्त भाजपला, सुमारे ६,०६० कोटी, म्हणजे उघड झालेल्या रकमेच्या निम्म्याच्या जवळपास. तृणमूलला सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी, भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी. ज्याची जिथे सत्ता, तिथे त्याला पैसा, हे सूत्र राज्याराज्यांत दिसतं. मार्क्सवादी पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्ध न्यायालयातही गेला.

एवढे श्रीमंत लोक उघडपणे बोलत का नाहीत?

घाबरतात म्हणून. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतल्या एका पुरस्कार सोहळ्यात राहुल बजाज उभे राहिले. समोर अमित शहा, निर्मला सीतारामन, पीयूष गोयल बसलेले. आपले उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, पण सरकारवर टीका केली तर ती तुम्हाला रुचेल असा विश्वास आज वाटत नाही, असं ते म्हणाले. घाबरायचं कारण नाही, असं उत्तर शहांनी दिलं. बजाज जमनालालजींचे नातू. त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहणारे उद्योजक बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते.

भीतीला आधार आहे. मनी लाँडरिंग कायद्यात अटक झाली तर जामीन मिळणं फार कठीण, आणि त्या कडक अटी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये कायम केल्या. छापा पडल्याची बातमी आली तरी शेअर गडगडतो, बँका हात आखडता घेतात. गुन्हा शाबित होण्याची वाट कोणी पाहत नाही. हजारो कोटींचा मालक अशा वेळी तालुक्याच्या ठेकेदाराइतकाच अगतिक असतो. बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. चीनमध्ये जॅक मा यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये नियामकांवर टीका केली आणि काही दिवसांत त्यांच्या अँट कंपनीची शेअरविक्री थांबली.

उद्योग आणायचे तर सवलती द्याव्याच लागतात. त्यात गैर काय?

काहीच नाही, नियम सगळ्यांना सारखा आणि छापील असेल तर. महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे आणि मागास तालुक्यांत कारखाने नेण्यात तिचा वाटा आहे. प्रश्न येतो तो 'विशाल' आणि 'अतिविशाल' प्रकल्पांत, जिथे एकेका कंपनीला खास सवलती मंत्रिमंडळ उपसमिती ठरवते. तिथे किती कर सोडला, किती रोजगार कबूल केले आणि प्रत्यक्षात किती झाले, हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात दरवर्षी जाहीर व्हायला हवेत. एवढंसं मागणं आहे.

ठेकेदार निवडणूक लढवू शकतो का?

सरकारशी चालू कंत्राट असलेली व्यक्ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ नुसार अपात्र ठरते. महापालिका कायद्यातही नगरसेवकाचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर पद जातं. म्हणून कंपनी मेहुण्याच्या नावावर असते आणि टक्केवारी घरात येते. राज्यसभेत खासदारांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवतात. लोकसभेत तेवढंही नाही.

रोखे गेल्यावर आता पैसा कसा जातो?

थेट चेकने, इलेक्टोरल ट्रस्टमार्फत (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था), आणि अर्थातच रोखीने. ट्रस्टच्या वाटेत ट्रस्टला कोणी दिलं आणि ट्रस्टने कोणाला दिलं हे कळतं, पण एका थैलीत अनेकांचा पैसा आल्यामुळे नेमकी कोणाची देणगी कोणत्या पक्षाला गेली हे सांगणं अवघड जातं. वीस हजारांपर्यंतच्या देणगीला नाव द्यावं लागत नाही, ही जुनी पळवाट तशीच आहे. उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. पक्षाला कसलीच नाही. ही एक पोकळी बुजवली नाही तर बाकी सगळ्या सुधारणा वाया जातील असं मला वाटतं.

आपल्या भागातलं साटंलोटं शोधायचं असेल तर कुठे बघायचं?

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करा. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं आणि त्यात पती-पत्नीची मालमत्ता, कर्जं, कंपन्यांतले शेअर, सरकारी कंत्राटं यांचे रकाने असतात. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की बरंच काही दिसतं. कंपनीचे संचालक कोण हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतं. राज्यातल्या निविदा 'महाटेंडर्स' पोर्टलवर असतात. तिथे एकाच कामाला तीनच निविदा, तिघांचे दर एकमेकांना खेटून, आणि दर वेळी तोच विजेता असं दिसलं तर थांबून बघा. कंपनीच्या वार्षिक अहवालात नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये राजकीय देणगी शोधा. रोखे रद्द करणाऱ्या निकालानंतर पक्षाचं नाव देण्याची सक्ती परत आली आहे. शहरात विकास आराखड्यातलं आरक्षण उठवण्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. हरकतीची मुदत चुकवू नका, कारण नंतर कोर्टात पहिला प्रश्न तोच विचारतात.

माहिती अधिकारात पक्षांचे हिशोब मागता येतात का?

केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला. पक्षांनी तो पाळला नाही. सरकारी खात्याकडून मात्र कंत्राट, करार, सवलतीचा आदेश मागता येतो, आणि त्यासोबत फाईलवरची टिपणी जरूर मागा, कारण कोणत्या अधिकाऱ्याने हरकत घेतली आणि ती कोणी ओलांडली हे तिथेच लिहिलेलं असतं. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला तर कलम ८(१)(ड) मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो पहिल्या अपिलात मांडा. अपिलाची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून तो परत येतो.